शिक्क्यावरची तारीख वाचा : थायलंडमध्ये निवृत्तीनंतर राहणाऱ्यांचे प्रश्न

निवृत्तीनंतर आम्ही दोघं चियांग माईत कसे येऊन राहिलो, ते मी गेल्या अंकात लिहिलं. मला वाटलं होतं, लोक डोंगरांबद्दल, देवळांबद्दल विचारतील. पत्रं आली ती सगळी कागदपत्रांची. खरं सांगते, बरं वाटलं. एकतीस वर्षं मी बँकेच्या काउंटरच्या आत बसले आणि २०१७ पासून इथल्या इमिग्रेशन ऑफिसात टोकन घेऊन काउंटरच्या बाहेर बसते. त्यामुळे दोन्ही बाजूंचं दुखणं मला ठाऊक आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, रागावू नका.

ताई, मी ६१ वर्षांचा, पत्नी ५७. एक एजंट म्हणतो, “रिटायरमेंट व्हिसा काढून देतो, बँकेत पैसे दाखवायचीसुद्धा गरज नाही.” नेमके पैसे किती लागतात? व्हिसा किती वर्षांचा मिळतो?
– एक निवृत्त अभियंता

आधी एजंटचं बघू. “पैसे दाखवायची गरज नाही” याचा अर्थ, दुसऱ्याचे पैसे चार दिवस तुमच्या खात्यात फिरवून आणणार. उद्या प्रकरण अंगाशी आलं तर शिक्का तुमच्या पासपोर्टात बसेल, त्याच्या नाही. रांगेत उभं राहण्यासाठी, फॉर्म भरण्यासाठी माणूस नेमलात तर त्यात काही गैर नाही. पैसे मात्र तुमचे, तुमच्या खात्यातले हवेत.

आता व्हिसा. “रिटायरमेंट व्हिसा” हा बोलण्यातला शब्द. वय ५० पूर्ण असलं की मुख्य वाटा दोन. पहिली नॉन-इमिग्रंट ओ-ए. हा व्हिसा आपल्या देशातूनच काढायचा, वर्षाचा मिळतो. पोलिसांचा दाखला लागतो, वैद्यकीय दाखला लागतो आणि किमान ३० लाख बाट किंवा १ लाख अमेरिकन डॉलरचा आरोग्य विमाही लागतो. दुसरी वाट साधी नॉन-इमिग्रंट ओ. हा ९० दिवसांचा मिळतो आणि इथे आल्यावर इमिग्रेशनमध्ये जाऊन मुक्काम वर्षभराने वाढवून घ्यायचा. त्या वाढीची फी १,९०० बाट. ती दर वर्षी पुन्हा घ्यायची, जगाल तितकी वर्षं. आम्ही दुसऱ्या वाटेने आलो.

पैशाचा निकष दोन्हीकडे सारखा आहे. खात्यात ८ लाख बाट, नाहीतर महिन्याला ६५,००० बाट उत्पन्न, नाहीतर दोन्ही मिळून वर्षाचे ८ लाख. बाट अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान हलत असतो, म्हणजे वीस ते चोवीस लाख रुपये अडकवून ठेवायचे. महिन्याला ६५,००० बाट म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास. तेवढी पेन्शन आपल्यापैकी किती जणांना आहे ते तुम्हीच बघा. मला नाही. म्हणून आमचे ८ लाख.

पैसे नुसते असून भागत नाही, मुरावे लागतात. दुसऱ्या वाटेने, थायलंडमधल्या बँकेत, मुदतवाढीच्या अर्जाआधी दोन महिने पूर्ण ८ लाख हवेत. मंजुरीनंतर तीन महिने त्यांना हात लावायचा नाही. पुढे वर्षभर शिल्लक ४ लाखांच्या खाली जाता कामा नये. म्हणजे उरलेल्या सात महिन्यांत ४ लाख वापरायला मोकळे, पण पुढच्या अर्जाच्या दोन महिने आधी पुन्हा भरून ठेवायचे. मी तर हातच लावत नाही. एकदा काढले की परत भरायची तारीख डोक्यात ठेवावी लागते. आणि या वयात डोक्यात तारखा ठेवायची हौस मला नाही.

नवीन माणूस इथेच फसतो. हिशेब करून बघा. तुमच्याकडे ९० दिवस आहेत. त्यातले साठ दिवस पैसे मुरवण्यात जाणार. उरले तीस. त्या तीस दिवसांत घर भाड्याने घ्या, पत्त्याचा कागद मिळवा, खातं उघडून घेणारी शाखा शोधा आणि भारतातून पैसे मागवा. एका शाखेने नाही म्हटलं तर त्याच बँकेची दुसरी शाखा हो म्हणते, हे लक्षात ठेवा. आम्हाला तिसऱ्या शाखेत यश आलं. तिथली मुलगी आमच्या पासपोर्टांचं प्रत्येक पान उलटवून बघत होती आणि मी मनात म्हणत होते, बघ बाई, मीसुद्धा असंच करायचे.

दहा वर्षांचा ओ-एक्स व्हिसा असतो, असं ऐकलं असेल. तो फक्त चौदा देशांच्या नागरिकांना मिळतो, त्यात भारत नाही. २०२२ च्या सप्टेंबरपासून एलटीआर नावाचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, त्यात भारतीय बसतात. पण वर्षाला ८० हजार अमेरिकन डॉलर घरबसल्या येत असले पाहिजेत. ४० हजार असतील तर वर अडीच लाख डॉलरची थायलंडमध्ये गुंतवणूक. हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी कुणाकडे तेवढे असतील तर त्यांनी मला पत्र लिहू नये, चांगला वकील करावा.

पत्नीचं उत्तर शेवटच्या पत्रात आहे. ते वाचल्याशिवाय काही ठरवू नका.

वीस-बावीस लाख एकदम परदेशी पाठवले तर बँक वीस टक्के कापून घेते म्हणतात. मग उरतं काय?
– दोन पत्रं

कापते, पण खात नाही. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत निवासी भारतीयाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. १ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांपर्यंत काही कापत नाहीत, त्यावरच्या रकमेवर अशा कामासाठी २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कापलेला कर, घेतात. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना कराशी वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर पैसे अडकतात, हे खरं.

मर्यादा आर्थिक वर्षाची आहे, यातच खुबी आहे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात १० लाख आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात १० लाख पाठवा. तीन आठवड्यांत वीस लाख गेले आणि टीसीएस शून्य. याला पळवाट म्हणत नाहीत, कॅलेंडर वाचणं म्हणतात. फक्त ३१ मार्चला कुठल्याही बँकेत जाऊ नका. आम्हा लोकांना त्या दिवशी दम खायला वेळ नसतो.

पैसे परदेशातून आल्याचा कागद इथल्या बँकेकडून लगेच मागून घ्या. पुढे विचारतात.

माझा मुक्काम वर्षभराने वाढवून मिळाला आहे. आता मधे भारतात जाऊन यायला हरकत नाही ना?
– नव्याने हुआ हिनला आलेल्या एक बाई

हरकत आहे. आणि ही हरकत मी स्वतः भोगली आहे.

२०१८ च्या मे महिन्यात भाचीच्या लग्नाला मी घाईने गेले. पासपोर्टात वर्षभराचा शिक्का होता, पुढच्या मार्चपर्यंतचा. मी निश्चिंत. परत आले तेव्हा विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला, पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. मग शांतपणे विचारलं, “री-एन्ट्री?” मला वाटलं, परत आलात का असं विचारतोय. मी हसून “येस” म्हटलं. त्याने मान हलवली. ती “नाही”ची होती, हे कळायला मला अर्धं मिनिट लागलं.

री-एन्ट्री परमिट न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं की मुक्कामाची परवानगी तिथेच संपते. वर्ष शिल्लक असो की एक दिवस. बँकेतले ८ लाख, नकाशे, फोटो, सह्या, सगळं पाण्यात. मला तेव्हा २,००० बाट भरून पंधरा दिवसांचा ऑन-अरायव्हल व्हिसा घ्यावा लागला आणि त्या पंधरा दिवसांत परत भारतात जाऊन पहिल्यापासून सुरुवात. “इथे सही राहिलीय” म्हणून जिने आयुष्यभर लोकांना परत पाठवलं, तिची ही गत. यजमानांनी त्यावर आजतागायत एक शब्द काढलेला नाही. फक्त दर वेळी बॅग भरताना ते माझ्या पासपोर्टाचं ते पान उघडून टेबलावर ठेवतात.

परमिट एका वेळचं १,००० बाटला आणि कितीही वेळा जाण्या-येण्याचं ३,८०० बाटला मिळतं. फॉर्म टीएम ८. इमिग्रेशन ऑफिसात मिळतं, मोठ्या विमानतळांवर निघतानाही मिळतं, पण विमानतळाच्या भरवशावर राहू नका. वर्षाची मुदतवाढ मिळेल त्याच दिवशी, त्याच इमारतीत घेऊन टाका. मुदतवाढ संपली की परमिटही संपतं, म्हणजे हेही दर वर्षी नवं.

एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. व्हिसा म्हणजे दारापर्यंत यायची चिठ्ठी. आत किती दिवस राहायचं ते प्रवेशाच्या वेळी मारलेल्या शिक्क्यावरची तारीख ठरवते. भारतीयांना २०२५ च्या जानेवारीपासून व्हिसा ऑनलाइन मिळतो, पासपोर्टात काही चिकटवतही नाहीत. तेव्हा बघायचा तो शिक्काच. ती तारीख उलटली की दिवसाला ५०० बाट दंड, जास्तीत जास्त २० हजार. आणि ९० दिवसांपेक्षा जास्त उलटली तर परत यायला बंदी. येण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं आगमन-पत्र २०२५ च्या मे महिन्यापासून सक्तीचं आहे. ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी वेबसाइट दिसली की बंद करा.

नव्वद दिवसांची हजेरी आणि टीएम ३० यांत फरक काय? घरमालकीण म्हणते, तिला काही माहीत नाही.
– एक वाचक, पट्टायाहून

टीएम ३० घरमालकाने द्यायचा असतो. परदेशी माणूस घरात राहायला आला की चोवीस तासांत कळवायचं. दंड मालकाला होतो, पण खोळंबा तुमचा होतो, कारण ती पावती नसेल तर मुदतवाढीचा अर्ज काउंटरवरून परत येतो. म्हणून घर बघायला जाल तेव्हा भाड्याआधी हे विचारा. “टीएम साम सिप” म्हणायचं. ज्या मालकिणीच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही, तिचं घर कितीही हवेशीर असो, सोडून द्या. आमची मालकीण सत्तरीची आहे. पहिल्यांदा ती आमच्याबरोबर ऑफिसात आली आणि येताना आम्हा दोघांसाठी केळीच्या पानातला चिकट भात घेऊन आली. ती आता नातवाकडून ऑनलाइन भरून घेते.

नव्वद दिवसांची हजेरी तुमची. फॉर्म टीएम ४७. ‘मी अजून याच पत्त्यावर आहे’ एवढंच सांगायचं, फी नाही. ठरलेल्या तारखेच्या पंधरा दिवस आधीपासून सात दिवस नंतरपर्यंत चालतं. चुकलं तर २,००० बाट. मधे देशाबाहेर गेलात तर मोजणी परतल्यापासून नव्याने सुरू होते. ही हजेरी म्हणजे मुदतवाढ नव्हे. हजेरीच्या चिठ्ठीवर पुढची तारीख असते आणि ती बघून “तोपर्यंत राहायला परवानगी आहे” असं समजून बसलेले दोन गृहस्थ मला माहीत आहेत. दोघेही उच्चशिक्षित.

मुदतवाढीच्या दिवशी काय काय न्यावं?
– बरेच जण

मुदतवाढीचा फॉर्म टीएम ७, फोटो, पासपोर्टाच्या प्रती, टीएम ३० ची पावती, भाड्याचा करार, बँकेचं पत्र, पासबुक आणि त्याच्या प्रती. आमच्या ऑफिसात घराचा नकाशाही मागतात, हाताने काढलेला चालतो. माझ्या नकाशात देऊळ, सेव्हन-इलेव्हन आणि एक मोठं चिंचेचं झाड आहे. चिंच गेल्या वर्षी तोडली, पण नकाशात मी ती ठेवली आहे. अजून कुणी हरकत घेतलेली नाही. प्रत्येक प्रतीवर निळ्या शाईने सही. प्रत्येक म्हणजे प्रत्येक.

आता पासबुकाची एक युक्ती. बँकेचं पत्र त्याच दिवसाचं किंवा फार तर आदल्या दिवसाचं लागतं आणि पासबुकातली शेवटची नोंदही ताजी लागते. पण वर्षभर हात न लावलेल्या खात्यात ताजी नोंद येणार कुठून? म्हणून सकाळी बँक उघडल्या उघडल्या जायचं, १०० बाट भरायचे, पासबुक मशिनमध्ये घालायचं. कर्र कर्र करून ती एक ओळ छापली जाते आणि तिच्यासमोर त्या दिवसाची तारीख येते. पहिल्या वर्षी मी तिथेच थबकले. साल छापलं होतं २५६०! क्षणभर वाटलं, मशिन बिघडलं. इथलं बौद्ध वर्ष आपल्या इसवी सनापेक्षा ५४३ ने पुढे असतं. २०२५ म्हणजे २५६८. आता सवय झाली आहे. औषधाच्या बाटलीवरची मुदतसुद्धा कधी कधी या सालात असते, तेव्हा अजून पाचशे वर्षं चालेल असं समजून पिऊ नका.

पेन्शन भारतात, राहणं तिकडे. हयातीचा दाखला आणि कर यांचं काय करता?
– निवृत्त शिक्षिका

हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. बँकॉकला आपला राजदूतावास आहे, इथे चियांग माईत वाणिज्य दूतावास आहे. पासपोर्ट आणि पेन्शनचा कागद घेऊन स्वतः जायचं, अधिकारी तुम्हाला जिवंत बघतो आणि सही करतो. आमच्याकडे त्या दिवशी पाच-सहा मराठी माणसं तरी भेटतात. मग “काय, अजून आहात?” असा विनोद दर वर्षी कुणीतरी करतोच.

बँकेत मात्र लपवाछपवी करू नका. परदेशात कायम राहायला गेलात की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने तुम्ही अनिवासी. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यायचं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवं खातं उघडता येत नाही. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालतं, पुढे वाढवता येत नाही. “कोण बघतंय?” असं मला काउंटरपलीकडून खूप जणांनी म्हटलंय. कुणी बघत नाही, हे खरं. पण एक दिवस मुलाला ते खातं बंद करायचं असतं, तेव्हा सगळे बघतात.

इथल्या कराचं असं की कॅलेंडर वर्षात १८० दिवस राहिलात तर तुम्ही थायलंडचे करनिवासी. १ जानेवारी २०२४ पासून, बाहेर कमावलेलं उत्पन्न इथे आणलं तर ते करपात्र धरतात. २०२४ च्या आधी कमावलेल्या पैशाला ते लागू नाही, म्हणून जुन्या ठेवींची विवरणं जपून ठेवा. भारत आणि थायलंडमध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार आहे आणि त्यात सरकारी नोकरीच्या पेन्शनसाठी वेगळं कलम आहे. तुमची पेन्शन सरकारी की महामंडळाची की माझ्यासारखी बँकेची, यावर उत्तर बदलतं. इथे मात्र सीएला फी द्या. शेजाऱ्याला विचारू नका, मलाही विचारू नका.

घर विकत घ्यावं का? इतकं स्वस्त वाटतं.

नाही. निदान पहिली दोन वर्षं तरी नाही. परदेशी माणसाला जमीन नावावर करता येत नाही. इमारतीतला फ्लॅट घेता येतो, पण परदेशी मालकांचा एकूण वाटा त्या इमारतीतल्या क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच. पैसे परकीय चलनातून आणल्याचा पुरावाही लागतो. जमिनीचा तीस वर्षांचा भाडेपट्टा होतो. “थाई माणसांच्या नावावर कंपनी काढू आणि तिच्या नावाने जमीन घेऊ” असं कुणी सुचवलं तर चहा संपवून उठा. ते बेकायदा आहे.

आम्ही शाकाहारी. जमेल का? आणि चियांग माईच्या धुराबद्दल खूप ऐकलंय.
– एक जोडपं

जमेल, पण “मी मांस खात नाही” एवढं सांगून जमणार नाही. कारण इथे जिभेला कळण्याआधीच पदार्थात नाम प्ला पडलेला असतो, म्हणजे माशाचा सॉस. मीठ घालावं तसा घालतात आणि तो मांसात मोजत नाहीत. तुम्ही शब्द शिका “जे”. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेलं असतं, १७ या आकड्यासारखं दिसतं. ती पाटी असलेल्या टपरीत मांस, मासे, अंडं, दूध, लसूण, कांदा काही नसतं. म्हणजे चातुर्मासच. ऑक्टोबरच्या आसपास नऊ-दहा दिवस सगळ्या गावात या पाट्या लागतात, तेव्हा मी स्वयंपाकघराला सुट्टी देते. इथल्या ‘वारोरोत’ नावाच्या बाजारापाशी जुनी भारतीय कापड दुकानं आहेत. तूरडाळ कुठे मिळेल ते तिथे विचारा, सांगतात.

धूर मात्र थट्टेचा विषय नाही. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत शेतं आणि जंगलं जळतात, हे खोरं डोंगरांनी वेढलेलं आहे, धूर बसून राहतो. एरवी आमच्या गॅलरीतून दोई सुथेप डोंगर हाताला लागेल इतका जवळ दिसतो, मार्चमध्ये तो कुणीतरी पुसून टाकल्यासारखा नाहीसा होतो. यजमानांना दमा आहे. आम्ही त्या काळात भारतात येतो, त्यातच तिकडचं बँकेचं काम उरकतं.

यावरून एक गोष्ट, जी मला आधी कुणी सांगितली नाही. तुमची वार्षिक मुदतवाढ कुठल्या महिन्यात पडणार, हे तुम्ही पहिल्यांदा कधी उतरता त्यावर ठरतं आणि मग ती तारीख आयुष्यभर तीच राहते. पहिल्या खेपेला आम्ही डिसेंबरात आलो. तारीख मार्चमध्ये पडणार होती, धुरात. यजमानांचा अर्ज आम्ही मुद्दाम लवकर केला, तरी तारीख हलली नाही. माझी वर सांगितलेली फजिती झाली तेव्हा यजमानांनीही जुनी मुदत सोडून दिली आणि दोघं जुलैत नव्याने उतरलो. आता आमची तारीख ऑक्टोबरात येते. पाऊस ओसरलेला, हवा धुतलेली, ऑफिसात गर्दी कमी. तिकीट काढण्याआधी बोटावर मोजा.

आजारपणाचं काय?

हा प्रश्न सगळ्यांनी विचारला आणि सगळ्यांनी शेवटी विचारला. साध्या ओ व्हिसाच्या मुदतवाढीला विम्याची सक्ती नाही, पण म्हणून आजार येत नाही असं नाही. भारतातली मेडिक्लेम पॉलिसी बहुधा भारतातच चालते, पॉलिसीतलं ते कलम शोधून वाचा. सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारची आरोग्य योजना, इथे नाही. सत्तरीनंतर नवा विमा मिळणं कठीण आणि महाग. यजमानांचं मनगटाजवळचं हाड मोडलं, तेव्हा खासगी रुग्णालयात आधी अनामत रक्कम विचारली, मग स्ट्रेचर हललं. तेव्हापासून आम्ही ८ लाखांपासून वेगळी, फक्त दवाखान्याची ठेव ठेवली आहे. झोपेच्या आणि काही वेदनाशामक गोळ्या आणत असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा आणि तीस दिवसांपेक्षा जास्तीच्या आणू नका.

ताई, आईबाबा चार वर्षं तिकडे होते. बाबा दोन महिन्यांपूर्वी गेले. सगळे पैसे बाबांच्या खात्यात होते, आई त्यांच्यावर अवलंबून म्हणून राहत होती. आता बँक पैसे देत नाही आणि आईचा मुक्कामही संपतोय. काय करावं?
– एक मुलगी

तुझं पत्र वाचून मी कितीतरी वेळ बसून होते. आईला माझा नमस्कार सांग.

आधी तातडीचं. आईच्या शिक्क्यावरची तारीख आज बघ. एकाच्या पैशावर दोघांनी राहायची सोय आहे, लग्नाचा दाखला साक्षांकित करून दिला की जोडीदाराला वेगळे ८ लाख दाखवावे लागत नाहीत. पण ज्याच्या आधारावर मुक्काम, तो गेला की आधारही गेला. आईने इमिग्रेशनमध्ये मृत्यूचा दाखला घेऊन स्वतः जावं, गप्प बसून तारीख उलटू देऊ नये. भारतात परतायचं ठरत असेल तर तारखेच्या आत निघावं. इथेच राहायचं असेल तर तिचं वय ५० च्या वर आहे, तिला स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो, मात्र पैसे तिच्या खात्यात लागतील. तिच्या भारतातल्या खात्यातून पाठवता येतील का बघ.

बाबांच्या खात्याचं काम लांबेल. खातेदार गेला की बँक खातं गोठवते आणि न्यायालय वारसा-व्यवस्थापक नेमतं तेव्हाच पैसे सोडते. एटीएम कार्ड हातात आहे म्हणून काढू नकोस. तारखेवरून कळतं आणि वारसाचं प्रकरण उगाच बिघडतं. इथला मृत्यूचा दाखला थाईत असतो. त्याचं अधिकृत भाषांतर करून घे, आपल्या दूतावासात मृत्यूची नोंद झाली आहे ना ते पाहा आणि वारसाच्या कामासाठी स्थानिक वकील कर. पासबुक, बँकेचं शेवटचं पत्र, आईबाबांचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि तुझा जन्मदाखला एका फायलीत लाव.

बाकीच्यांना सांगते. पहिल्या पत्रातल्या अभियंत्यांना विशेष. सोपं पडतं म्हणून आम्हीही पहिली दोन वर्षं मी अवलंबून असंच दाखवलं होतं. खात्याच्या अर्जात नॉमिनीचा रकाना शोधला, सापडला नाही. त्या रात्री झोप लागली नाही. पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये माझ्या निवृत्तीच्या पैशातून माझ्या नावावर वेगळे ८ लाख आणले. आता आमच्या दोन फायली आहेत, दोन अर्ज, दोन वेळा १,९०० बाट. शिवाय इथल्या मालमत्तेपुरतं दोघांचं थाई भाषेतलं मृत्युपत्र आहे, त्याची एक प्रत मुलाकडे आणि एक मालकिणीच्या कपाटात. ते सही करायला गेलो तेव्हा वकिलीणबाईंनी विचारलं, दोन वेगळे अर्ज कशाला, एकात भागलं असतं की. यजमान म्हणाले, ही बँकेतली आहे.

ताई म्हणून लिहिलंस म्हणून सांगते : आईच्या शिक्क्याच्या पानाचा फोटो संपादकांच्या पत्त्यावर पाठव. इमिग्रेशनमध्ये कोणत्या खिडकीवर जायचं आणि काय बोलायचं, ते मी तिला फोनवर सांगेन.